मखर, मारबत आणि गाडगे : टाकाऊ वस्तूंच्या सार्वजनिक कलेचा वऱ्हाडी पूर्वेतिहास

टाकून दिलेल्या वस्तूंपासून सार्वजनिक जागी शिल्प वा मांडणी उभारायची आणि तिच्याद्वारे लोकांचे लक्ष पर्यावरणाकडे वेधायचे, ही पद्धत महाराष्ट्रात अलीकडच्या काळात रूढ झाली असून भंगार लोखंड, जुने टायर, निकामी यंत्रांचे भाग आणि प्लास्टिकच्या बाटल्या यांपासून केलेले पक्षी, प्राणी व मानवाकृती उद्यानांत, चौकांत आणि शाळांच्या आवारांत दिसू लागल्या आहेत. अशा कामाला कलासमीक्षेत ‘मांडणशिल्प’ किंवा ‘इन्स्टॉलेशन’ म्हटले जाते. चौथऱ्यावरच्या पुतळ्याहून त्याचे वेगळेपण असे की, ते जिथे मांडले जाते ती जागा, तिथे येणारी माणसे आणि वापरलेली वस्तू या तिन्हींनी मिळून त्याचा अर्थ घडतो. ही कला पश्चिमेकडून आली आणि शहरांतून गावांकडे गेली, असे सामान्यतः मानले जाते, आणि तिचे नाव व तिचे संस्थात्मक रूप एवढ्यापुरते ते खरेही आहे. परंतु यवतमाळ जिल्हा आणि त्याच्या भोवतीचा वऱ्हाड-नागपूरचा प्रदेश यांचा सामाजिक इतिहास पाहिला असता, हाताशी पडलेल्या साध्या व निरुपयोगी वस्तूंतून सार्वजनिक आकृती घडविण्याची, तिच्या निमित्ताने गावाच्या दुखण्यांविषयी जाहीरपणे बोलण्याची आणि काम सरताच ती मोडून वा जाळून टाकण्याची एक जुनी रीत येथे आढळते. प्रस्तुत निबंधात या रीतीची तीन रूपे, म्हणजे पोळ्याचा आखर, नागपूरची मारबत आणि गाडगेबाबांचा वेष, विचारात घेतली आहेत. या कलेचा परिणाम तिच्यामागील हेतूपेक्षा तिच्या सामग्रीने अधिक ठरविला, आणि सामग्री बदलली तेव्हा रीत तशीच राहूनही तिचा परिणाम उलटा झाला, हे त्यांवरून दिसते.

प्रदेश आणि त्याचा उकिरडा

यवतमाळ जिल्हा जुन्या वऱ्हाडच्या आग्नेय भागात असून वर्धा नदी त्याला पूर्वेकडील वर्धा व चंद्रपूर या जिल्ह्यांपासून, तर पैनगंगा त्याला दक्षिणेकडील प्रदेशापासून वेगळे करते. निजामाकडून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर १८६४ मध्ये या भागाचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला, तो पुढे वणीच्या नावाने ओळखला गेला आणि १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. वर्धेच्या अलीकडे वऱ्हाड व पलीकडे नागपूरकर भोसल्यांचा मुलूख अशी ही राजकीय सीमा असली तरी बैल, कापूस, आठवडी बाजार आणि सणवार यांच्या व्यवहारात ती फारशी आड येत नसे, त्यामुळे या जिल्ह्याच्या लोकरीतींचा विचार करताना नदीच्या दोन्ही काठांकडे पाहावे लागते.

काळ्या कसदार जमिनीच्या या प्रदेशात कापसाची वेचणी संपली की शेतात उरणाऱ्या वाळक्या झाडांना पऱ्हाटी म्हणतात, तर तुरीच्या वाळक्या काड्यांना तुराटी. हा शेतातला उरलासुरला माल चुलीत जळण म्हणून जाई, त्याची कुंपणे होत, आणि उभ्या काड्या बांधून वरून शेणमातीने लिंपल्या की घराची भिंत होई, तिला कूड म्हणत. अंबाडीच्या सालीपासून निघणाऱ्या वाखाचे दोर होत. पळसाच्या पानांच्या पत्रावळी, फुलांचा रंग आणि मुळ्यांच्या तंतूंचे दोर व कुंचले होत. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांतील कोलाम समाज बांबूच्या कामासाठी परंपरेने ओळखला जाई. जुनी लुगडी-धोतरे गोधडीत जात आणि जे कशातच बसत नसे ते उकिरड्यावर जाऊन पुढल्या पावसाळ्याआधी खत होऊन शेतात परते. वस्तू आहे त्या रूपात दुसऱ्या कामी लावणे म्हणजे पुनर्वापर आणि ती मोडून, वितळवून वा कुजवून तिचा पुन्हा कच्चा माल करणे म्हणजे पुनर्चक्रण, असा भेद आज केला जातो. या भेदाच्या भाषेत बोलायचे तर गोधडी हा पुनर्वापर होता आणि उकिरडा हे पुनर्चक्रण होते. मात्र यात पर्यावरणाविषयीची जाणीव शोधणे इतिहासाला धरून होणार नाही. वस्तू टाकून देणे परवडत नव्हते आणि ज्या वस्तू होत्या त्या बहुतेक सगळ्या मातीतून आलेल्या असल्यामुळे मातीत परत जात होत्या, एवढाच त्याचा अर्थ. या काटकसरीला सद्गुण मानण्याची सोय तिच्यातून बाहेर पडलेल्या पुढल्या पिढ्यांना झाली.

पोळ्याचा आखर

या वस्तूंना वर्षातून एकदा सार्वजनिक रूप मिळे ते पोळ्याला. श्रावण अमावास्येला येणाऱ्या या सणाच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होते, म्हणजे जुवाखाली वर्षभर घासलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद व लोणी वा तूप लावून ते शेकले जातात आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते. पोळ्याच्या दिवशी बैलांना आंघोळ घालून, शिंगे रंगवून, अंगावर गेरूचे ठसे उमटवून, झूल, बाशिंग व नवी वेसण घालून गावाच्या कडेच्या मोकळ्या जागेत, म्हणजे आखरावर, आणले जाते, तेथे आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असते आणि मानाच्या जोडीची पूजा झाल्यावर ते तोरण तुटते. यालाच पोळा फुटणे म्हणतात. ज्यांच्याकडे बैल नसत अशा घरांत मातीचे बैल करून पुजले जात.

रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कुणबी समाजाच्या प्रकरणात या सोहळ्याचे जे वर्णन आहे, ते सार्वजनिक कलेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्यानुसार मिरवणुकीत सर्वांत पुढे एक म्हातारा बैल असे आणि त्याच्या शिंगांना मखर, म्हणजे खुंट्या असलेली लाकडी चौकट, बांधून तिला टेंभे लावलेले असत. हा मखराचा बैल तोरण तोडून गावाकडे धावे आणि इतर गुरे त्याच्यामागे धावत. त्या बैलाला तीन वर्षांत मरण येते, अशी समजूत होती. त्याच्यामागे गावाच्या मालकांचे व त्यानंतर कुळांचे बैल ज्या क्रमाने येत तो क्रम केवळ संपत्तीवर नव्हे, तर घराण्याच्या परंपरागत मानावर ठरे, आणि आपल्याला योग्य स्थान मिळाले नाही तर कुणब्याच्या मनाला ते फार लागे, असेही या ग्रंथकारांनी नोंदविले आहे. म्हणजे आखरावरची ही मांडणी केवळ शोभेची नव्हती. गावातील मानपानाची उतरंड तिच्यात सर्वांसमोर उभी राहत असे, आणि ज्याचे कामाचे दिवस सरत आले आहेत असा बैल त्या उतरंडीच्या अग्रभागी चालवून सणापुरता तिच्यात एक खंडही पाडला जात असे. काही लाकडे, टेंभे, पाने आणि गेरू एवढ्याच सामग्रीवर हे सारे घडे आणि रात्र संपण्यापूर्वी त्यातले बहुतेक जळून वा विस्कटून गेलेले असे.

विदर्भात या मांडणीला शब्दांचीही जोड आहे. पोळा फुटण्यापूर्वी आखरावर झडत्या म्हटल्या जातात; झडती म्हणजे शेतकरी वा गडी उंच आवाजात म्हणतो ते यमकबद्ध, पुष्कळदा उत्स्फूर्त पद्य, ज्याच्या शेवटी महादेवाचा जयजयकार होतो. झडतीत देवाचे नमन असते, प्रतिपक्षाला दिलेली कोपरखळी असते, तशीच सावकार, पाटील, सरकार, पावसाची ओढ आणि कापसाचा पडलेला भाव यांच्याविषयीची तक्रारही असते, आणि सणाच्या मुभेमुळे एरवी ज्याने मान खाली घालून वावरावे त्याला ती सर्वांदेखत बोलता येते. पोळ्याच्या दिवशी गड्याला धन्याकडून मिळणारी भेट म्हणजे बोजारा. झडतीचा हक्क आणि बोजारा एकाच दिवशी मिळत असल्याने तक्रार आणि समेट या दोहोंची सोय या सणात होती. दृश्य मांडणी, जमलेला गाव आणि जाहीर टीका हे तीनही घटक अशा रीतीने आखरावर एकत्र आलेले दिसतात.

लोहमार्ग, शहर आणि मारबत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशातील टाकाऊ वस्तूंचे स्वरूप प्रथमच मोठ्या प्रमाणावर बदलले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस बैलगाड्यांतून धामणगावसारख्या स्थानकांवर जाऊ लागला; जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये नागपुरात सुरू झाली; १९०३ मध्ये मूर्तिजापूर ते यवतमाळ हा अरुंद मापाचा लोहमार्ग, जो पुढे शकुंतला एक्सप्रेसच्या नावाने लोकांच्या जिव्हाळ्याचा झाला, कापूस वाहून नेण्यासाठीच घालण्यात आला. या मार्गांनी कापूस बाहेर गेला आणि गिरणीचे कापड, छापील कागद, तागाची पोती, लोखंडी पट्ट्या व रॉकेलचे पत्र्याचे डबे आत आले. यांतील कापड आणि कागद कुजणारे होते, पण पत्रा व लोखंड कुजणारे नव्हते. तरीही त्यांना मोल असल्यामुळे ते वाया जात नसत. रिकामा डबा धान्यासाठी, पाण्यासाठी वा छपराला ठिगळ म्हणून वापरला जाई आणि शेवटी भंगारवाल्याकडे जाई. शहरांत मात्र कापड, कागद आणि चिंध्या आता पूर्वी कधी नव्हत्या इतक्या हाती लागू लागल्या.

नागपूरच्या मारबतीचा काळ हाच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पूर्व विदर्भात पहाटे पळसाच्या डहाळ्या घरातून काढून गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकण्याची आणि रोगराई, ईडापीडा, किडामुंगी यांनी तिच्याबरोबर निघून जावे असे मारबतीला ओरडून सांगण्याची रीत आहे. या ग्रामीण रीतीला नागपुरात भव्य मिरवणुकीचे रूप मिळाले. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते, अशी त्या त्या मंडळींची परंपरा सांगते. पिवळ्या मारबतीची परंपरा जागनाथ बुधवारी भागातील तऱ्हाणे तेली समाजाने सांभाळली आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद व कापड आणि वरून रंग अशी या स्त्रीरूपी आकृतींची घडण असते. दोन्ही मारबती शहराच्या जुन्या भागातून फिरतात, त्यांची भेट होते आणि अखेरीस त्यांचे दहन केले जाते. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये पुण्यातून विस्तारू लागला हे लक्षात घेतले तर, लोकांनी स्वतः आकृती घडवून ती रस्त्यावर आणायची आणि तिच्या आडून सार्वजनिक प्रश्नावर बोलायचे, ही नागपूरची प्रथा त्याहून सुमारे दशकभर आधीची ठरते.

काळ्या मारबतीचा संबंध एका बाजूला कृष्णाला मारायला आलेल्या पूतनेशी, तर दुसऱ्या बाजूला दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या पत्नी बाकाबाई यांच्याशी जोडला जातो, कारण त्यांनी इंग्रजांशी जुळवून घेतल्याचा रोष लोकांत होता, असे सांगितले जाते. कालक्रम पाहता यात एक अडचण आहे: नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले होते आणि १८८१ पर्यंत बाकाबाईंच्या निधनाला दोन दशकांहून अधिक काळ लोटला होता. तेव्हा हा अर्थ प्रथेच्या आरंभी होता की पुढे राष्ट्रीय चळवळीच्या वातावरणात तिला चिकटला, हा प्रश्न खुला ठेवावा लागतो. निश्चित म्हणता येते ते एवढेच की, रोगराई घेऊन जाणारी ग्रामदेवीसारखी आकृती आणि राजकीय रोषाचे लक्ष्य असलेली व्यक्ती या दोघींना एका सांगाड्यात सामावून घेण्याइतकी ही प्रथा लवचीक होती, आणि या लवचीकपणामुळेच ती टिकली.

हा लवचीकपणा सर्वाधिक दिसतो तो बडग्यांमध्ये. बडग्या हा मारबतीबरोबर निघणारा पुरुषी पुतळा असून तो मुले आणि वस्त्यांतील मंडळे तयार करतात. जुने कपडे, चिंध्या, तणस, रद्दी कागद, काटक्या, फुटके डबे असे जे हाताशी येईल ते त्यात जाते. मारबतीचे रूप परंपरेने ठरलेले असते, बडग्याचे मात्र दरवर्षी बदलते. महागाई, भ्रष्टाचार, डेंग्यूसारखे रोग, खड्डे पडलेले रस्ते, परकी सत्ता वा देशी पुढारी यांपैकी त्या वर्षी जे सलत असेल त्याचा बडग्या होतो, त्याच्या गळ्यात पाटी लटकविली जाते आणि शिव्याशाप देत त्याला शहरभर फिरवून जाळले जाते. कलेच्या इतिहासात टाकाऊ वस्तूंचे कलावस्तूत रूपांतर करण्याचे श्रेय विसाव्या शतकातील युरोपीय कलावंतांना दिले जाते, आणि पाब्लो पिकासो याने १९४२ मध्ये सायकलची जुनी बैठक व हँडल जोडून केलेले बैलाचे मस्तक हे त्याचे नेहमीचे उदाहरण असते. त्या शिल्पाचे मोल एका कलावंताच्या नजरेत आहे आणि ते संग्रहालयात जपले गेले आहे. बडग्याला कर्त्याचे नाव नसते, तो जपायचा नसतो, आणि जळाला नाही तर त्याचे काम अपुरे राहते.

गाडगे, चिंध्या आणि खराटा

वरील दोन्ही रूपांत स्वच्छतेचा विचार अप्रत्यक्ष आहे. रोगराई शिवेबाहेर घालवावी अशी इच्छा त्यात आहे, पण घाण कोण करतो आणि कोणी काढावी हा प्रश्न नाही. तो प्रश्न वऱ्हाडात सर्वांत ठळकपणे मांडला तो अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर यांनी, आणि त्यासाठी त्यांनी वापरलेली सामग्री सर्वस्वी टाकाऊ होती. घर सोडल्यानंतर त्यांच्या अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र, डोक्यावर फुटके गाडगे, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच आणि हातात खराटा असे. गाडगेबाबा आणि चिंधेबुवा ही त्यांची नावे या वेषातूनच आली. गाडगे उन्हापावसात डोक्यावर आणि भुकेच्या वेळी जेवणासाठी पुढ्यात येई. गावात शिरताच ते झाडायला सुरुवात करीत, दिवसभरात गाव स्वच्छ होई आणि रात्री कीर्तनात अस्वच्छता, अस्पृश्यता, कर्ज काढून केलेले सण, पशुबळी यांवर प्रश्नोत्तरे होत.

या वेषाला वैराग्याचे चिन्ह मानले जाते आणि ते योग्यच आहे, पण त्याचा सार्वजनिक अर्थ त्याहून व्यापक होता. फुटके मडके, चिंधी, फुटकी बांगडी या घराबाहेर टाकायच्या, काही प्रसंगी अशुभही मानल्या गेलेल्या वस्तू होत्या, आणि झाडण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले होते त्यांना समाजाने त्या वस्तूंच्याच पंक्तीत बसविले होते. त्या सर्व वस्तू स्वतःच्या देहावर धारण करून गावाच्या मध्यभागी उभे राहणारा आणि खराटा स्वतः चालविणारा माणूस गावाला त्याने दूर लोटलेल्या गोष्टी परत दाखवीत होता. मारबत घाणीला शिवेबाहेर नेते, तर गाडगेबाबांनी तिला चावडीसमोर आणले. दोन्हींत टाकाऊ वस्तूच बोलते, पण दिशा उलटी आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये सुरू केलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने त्यांचे नाव आणि खराटा गावोगावी नेला, आणि यवतमाळ जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो त्या अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे. अभियानाच्या भिंतीचित्रांत गाडगे व खराटा चिन्हांच्या रूपाने आले, परंतु चिंधी आणि फुटकी काच यांचा बोचरेपणा शासकीय चित्रात फारसा उतरला नाही.

सामग्री बदलते तेव्हा

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या प्रदेशातील टाकाऊ वस्तूंचे स्वरूप दुसऱ्यांदा आणि अधिक मूलगामी रीतीने बदलले. अंबाडीच्या दोरांची जागा नायलॉनने घेतली. बैलांच्या गळ्यातील व शिंगांवरील गोंडे, माळा, झिरमिळ्या प्लास्टिकच्या झाल्या. गेरूऐवजी तैलरंग आला. उत्सवांच्या सजावटीत थर्माकोल शिरला, आणि बियाणे, खते, पाणी, तंबाखू यांपैकी प्रत्येक गोष्ट प्लास्टिकच्या वेष्टनात येऊ लागली. उकिरड्याची व्यवस्था यापुढे चालेना, कारण तिचा सारा आधार कुजण्यावर होता. शेणखताबरोबर प्लास्टिकचे तुकडे शेतात जाऊ लागले आणि गुरांच्या पोटातही. बडग्याच्या सांगाड्यात तणसाबरोबर प्लास्टिक व थर्माकोल जाऊ लागले की त्याचे दहन रोगराई घालविण्याऐवजी विषारी धूर पसरविते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घालून दंड ठरविला, आणि महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर निर्बंध आणले, तेव्हा सणातील सामग्रीचा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला गेला.

यवतमाळच्या संदर्भात या बदलाचे सर्वांत गंभीर रूप सणात नव्हे, तर शेतात आढळते. कापूस हे कीटकनाशकांचा मोठा वापर होणारे पीक आहे आणि २०१७ च्या हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत या जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला, त्यामुळे जिल्ह्याचे नाव देशभर चर्चेत आले. फवारणी संपल्यावर बांधावर उरते ती औषधाची रिकामी बाटली. जुन्या काटकसरीच्या सवयीनुसार रिकामी बाटली वा डबा घरात दुसऱ्या कामी लागायचा, पण येथे तीच सवय घातक ठरते. कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये अशी वेष्टने उघड्यावर टाकू नयेत व त्यांचा पुनर्वापर होऊ नये अशा रीतीने ती नष्ट करावीत, अशी तरतूद याच कारणासाठी आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या घोषणेत प्रत्येक टाकाऊ वस्तू वापरण्याजोगी आहे असे गृहीत धरलेले असते, आणि या गृहीताची मर्यादा कापसाच्या प्रदेशात जितकी स्पष्ट होते तितकी क्वचित अन्यत्र होत असेल. काही वस्तूंची कला होऊ शकत नाही. त्या मुळात कमी निर्माण होणे आणि त्या विकणाऱ्याने परत घेणे, हेच त्यांचे उत्तर आहे.

नवी मांडणशिल्पे आणि जुनी कसोटी

भारतात टाकाऊ वस्तूंच्या आधुनिक सार्वजनिक कलेचा आरंभ नेकचंद सैनी यांच्या चंदीगड येथील रॉक गार्डनपासून धरला जातो. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या या माणसाने नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचा मलबा, फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे गोळा करून १९५७ पासून गुपचूप उभारलेले विश्व १९७६ मध्ये जनतेसाठी खुले झाले. ती एका माणसाची निर्मिती होती. त्यापुढच्या काळात पुढाकार संस्थांकडे गेला. मुंबईत १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवाने मांडणशिल्प रस्त्यावर आणले, आणि दिल्लीत २०१९ मध्ये महानगरपालिकेने सुमारे १५० टन भंगारातून जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभारल्या. महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी पंचतत्त्वांवर आधारित माझी वसुंधरा अभियान सुरू केले, आणि स्वच्छ सर्वेक्षणासह अशा उपक्रमांतील गुणांच्या चढाओढीमुळे लहान नगरपालिकांनाही पर्यावरणाचा संदेश देणारी दृश्य कामे उभारण्याचे निमित्त मिळाले.

जुनी रीत आणि ही नवी कामे यांची तुलना केली असता तीन भेद ठळक होतात. पहिला भेद कर्त्यांचा आहे: आखरावरची झडती आणि वस्तीतला बडग्या ज्यांना काही सलत होते त्यांनीच घडविला, तर चौकातील भंगारशिल्प बहुधा कार्यादेशाने घडते आणि म्हणून ते कोणावर टीका करीत नाही. बडग्याच्या गळ्यात नाव असते. भंगाराच्या मोराजवळच्या फलकावर सर्वसाधारण उपदेश असतो. दुसरा भेद सामग्रीच्या मालकीचा आहे, कारण चिंधी व तणस घरातून येत असल्यामुळे कर्त्याला स्वतःच्या कचऱ्याशी गाठ पडे, तर टनावारी विकत घेतलेल्या भंगाराशी पाहणाऱ्याचा काही संबंध जुळत नाही. तिसरा भेद अंताचा आहे: मारबतीचा शेवट तिच्या जन्माआधीच ठरलेला असतो, पण गंजणाऱ्या पत्र्याचे आणि उन्हाने ठिसूळ होणाऱ्या बाटल्यांचे शिल्प काही वर्षांनी पुन्हा कचरा होते, तेव्हा त्याची जबाबदारी कोणाची हे क्वचितच ठरविलेले असते.

तथापि या तुलनेतून जुन्या रीतीचा एकतर्फी विजय निघत नाही. मारबतीच्या मुळाशी एक श्रद्धा आहे, ती अशी की गावाला शीव असते आणि नको असलेली गोष्ट तिच्यापलीकडे नेऊन टाकता येते. पळसाची डहाळी, तणस आणि चिंधी यांच्या बाबतीत ही श्रद्धा खरी ठरली, कारण त्या वस्तू शिवेबाहेर खरोखरच नाहीशा होत. प्लास्टिक, धूर आणि कीटकनाशक यांना शीव अडवीत नाही. वर्धेच्या एका काठावर टाकलेले दुसऱ्या काठाच्या पाण्यात जाते आणि पेटविलेले श्वासावाटे घरात परत येते. या परिस्थितीत चौकात वर्षानुवर्षे उभे राहणारे भंगारशिल्प, त्यात धार असो वा नसो, कचरा कुठेही जात नाही एवढी एक गोष्ट मारबतीपेक्षा खरेपणाने सांगते, आणि ती गोष्ट या प्रदेशात सर्वांत आधी आणि सर्वांत परिणामकारकपणे गाडगेबाबांनी आपल्या वेषातून सांगितली होती. यवतमाळसारख्या जिल्ह्यात पुढे जी सार्वजनिक कला घडेल तिला झडतीकडून नाव घेऊन बोलण्याचे धाडस, बडग्याकडून स्वतःच्या घरची सामग्री आणि गाडगेबाबांकडून ती सामग्री लोकांसमोर धरून ठेवण्याचा हट्ट घेता येण्याजोगा आहे; हे तिन्ही वारसे एकाच मातीतले असले तरी आजवर ते एकाच कामात एकत्र आलेले क्वचितच दिसतात.